ऑर्किडची कुंडी कशी बदलावी? गोव्याच्या हवेत, झाडाला धक्का न लावता

पहिलं ऑर्किड मी मारलं ते लाड करून. फुलांनी लगडलेलं डेंड्रोबियम घरी आणलं, ‘बिचाऱ्याला जागा पुरत नाही’ म्हणून आठवड्याच्या आत दुप्पट मोठ्या कुंडीत हलवलं, नारळाची ताजी सोडणं ठासून भरली आणि पाऊस लागला तसं अंगणात, तुळशीच्या बाजूला नेऊन ठेवलं. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, गणपतीवर माटोळी (फळाफुलांची चौकट) बांधायची वेळ आली तेव्हा त्याच्या कांड्या, म्हणजे जाड दांडे, काळ्या पडल्या होत्या. बोटाने दाबलं की पाणी सुटायचं.

त्यात चुका चार होत्या: वेळ, कुंडी, भरण आणि पाऊस. मुळात मला ऑर्किडचं मूळच कळलेलं नव्हतं. आपण घरी लावतो ती बहुतेक ऑर्किडं मातीतली नव्हेत, झाडाच्या सालीवर राहणारी. त्यांच्या मुळांवर पांढरट, स्पंजसारखा थर असतो. पावसाची सर आली की तो पाणी शोषतो आणि हिरवट दिसतो, वारा लागला की सुकून पुन्हा पांढरा होतो. हे भिजणं आणि सुकणं दोन्ही त्याला हवं. गोव्यात वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. म्हणजे भिजण्याची काळजी आपण करायला नको, सुकण्याची करायची.

वेळ कोणती?

झाड फुलावर असताना हात लावू नका. फुलं गळू द्या आणि बुंध्याशी लक्ष ठेवा. नवा कोंब दिसला आणि त्याच्या तळाशी हिरव्या किंवा तांबूस टोकाची नवी मुळं सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर आली, की तीच वेळ. मुळं याहून लांब झाली तर हाताळताना टोकं मोडतात. माझ्याकडे डेंड्रोबियम मे महिन्यात कोंब काढतं, म्हणून हे काम मी पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या, बाजारासोबत उरकते, मोठा पाऊस लागायच्या आधी. फॅलेनॉप्सिस या दुसऱ्या ऑर्किडचं फुलणं संपलं की त्याच्याकडे वळायचं.

मुळं कुंडीबाहेर लोंबतात हे कारण धरू नका, तो त्यांचा स्वभाव आहे. खरं कारण म्हणजे आतलं भरण कुजून चिखलासारखं होणं. तसं झालं असेल तर मात्र महिना बघू नका, लगेच बदला.

कुंडी आणि भरण

झाडाची मुळं मावून चहूबाजूंनी बोटभर जागा उरेल एवढीच कुंडी घ्या. तीन-चार कांड्यांच्या डेंड्रोबियमला चार इंची पुरते. मातीची, बाजूंना भोकं असलेली कुंडी मला सर्वांत भरवशाची वाटते. डिचोलीच्या कुंभारकामाच्या कुंड्या म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिळाल्या तर भोकं आहेत का ते आधी बघा.

भरणासाठी लाकडी कोळसा आणि जुन्या मंगळुरी कौलांचे सुपारीएवढे तुकडे, निम्मे-निम्मे. घर शाकारताना फुटकी कौलं निघतात, ती टाकू नका. कोळसा काजळी जाईपर्यंत धुवा. सोडण वापरायचंच असेल तर मूठभर, आणि तेही तीन दिवस भिजवून, तांबडं पाणी यायचं थांबेपर्यंत रोज पाणी बदलून. आमच्या पावसात ते लवकर कुजतं. त्यामुळे बाहेरच्या झाडांना मी ते घालतच नाही.

झाड बाहेर काढताना

कुंडीसकट झाड पंधरा-वीस मिनिटं पाण्यात ठेवा. कोरडी मुळं काचेसारखी मोडतात, भिजलेली वाकतात. मग कुंडी आडवी धरून झाड हळूच सैल करा. एखादं मूळ कुंडीच्या भिंतीला चिकटून बसलं असेल तर सुरीची मागची बाजू सरकवा. तरी सुटलं नाही तर कुंडी फोडा. खापरीचा तुकडा मुळासकट नव्या कुंडीत गेला तरी बिघडत नाही. कुंडी पुन्हा मिळते, मूळ परत यायला वर्ष जातं.

आता मुळं दोन बोटांत धरून एकेक चाचपा. जिवंत मूळ टणक लागतं. मेलेलं दाबलं की वरची साल मोज्यासारखी निघून हातात येते आणि आत नुसता दोरा उरतो. असली मुळं कापा. चुकून एखादं तपकिरी पण टणक निघालं तर राहू द्या, रंगावर जाऊ नका. प्रत्येक झाडाआधी कात्रीचं पातं ज्योतीवर तापवून घ्या, कारण ऑर्किडचे विषाणू एका झाडाच्या रसातून दुसऱ्यात जातात आणि त्यावर औषध नाही. कापलेल्या जागी दालचिनीची पूड लावतात. ती फक्त कापावर लावा, धडधाकट मुळांवर पडली तर ती सुकतात.

डेंड्रोबियमची पान नसलेली जुनी कांडी कापून टाकायची घाई नको. तिच्यात साठवण असते, नवा कोंब त्यावर पोसतो. झाडाचे भाग करायचे तर प्रत्येकात निदान तीन कांड्या ठेवा.

बसवणं

जुन्या कांड्या कुंडीच्या काठाला टेकवा, नवा कोंब मोकळ्या बाजूला येऊ द्या. बुंधा भरणाच्या वर राहिला पाहिजे, पुरला की कुजला. मग काठी रोवून काथ्याच्या दोरीने बांधा. कुंडी उचलून हलकेच हलवा. झाड डुलत असेल तर पुन्हा बांधा, कारण डुलणाऱ्या झाडाची नवी मुळं घासून जातात. फॅलेनॉप्सिस मधोमध, पण जरा कलतं बसवा, म्हणजे पानांच्या गाभ्यात पाणी साचणार नाही.

वांडा हे टोपलीत वाढवायचं ऑर्किड या भानगडीत पडत नाही. टोपली कुजली तर ती तशीच मोठ्या टोपलीत ठेवा, मुळं सोडवत बसू नका. आणि सीतेची वेणी हे रानातलं ऑर्किड रानातून ओरबाडून आणू नका. बागायतीत वादळाने फांदीसकट खाली पडलेली मिळाली तर तेवढीच आंब्याच्या खोडाला बांधा.

नंतरचे दिवस

दोन-तीन दिवस पाणी नको, कापलेल्या जागा सुकू द्या. झाड पडवीत ठेवा, जिथे वारा आहे पण पागोळी पडत नाही. सकाळी पानांवर हलका फवारा पुरे. पावसाळ्यात कधीकधी आठवडाभर पाणी घालावंच लागत नाही, बोट घालून बघा. रात्री टॉर्च घेऊन गोगलगाई वेचा, त्यांना नव्या मुळांचं कोवळं टोक फार आवडतं. एखादं जुनं पान पिवळं पडलं तर घाबरू नका.

खत लगेच नको. नव्या मुळाचं हिरवं टोक कोळशाला चिकटलेलं दिसलं की 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश समान असलेलं खत) लिटर पाण्याला अर्धा ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा. ते टोक दिसायला मला कधी तीन आठवडे लागले, कधी दोन महिने.