पालिकेची शिष्यवृत्ती आणि एनएसएसचे तास

आमच्या कोपरखैरण्यातली बारावीची मुलं हमखास विचारतात, "ताई, समाजकार्य केलं की महापालिका शिष्यवृत्ती देते ना?" नाही देत. आपल्याकडे या दोन गोष्टींच्या वाटा वेगळ्या आहेत, आणि ते आधीच कळलेलं बरं.

नवी मुंबई महापालिकेच्या समाज विकास विभागाची शिष्यवृत्ती घरची परिस्थिती, गुण आणि पालिका हद्दीतलं वास्तव्य बघते. विधवा आणि घटस्फोटित महिलांची मुलं, आर्थिक दुर्बल घटक, सफाई कामगारांची, दगडखाण आणि नाका कामगारांची मुलं अशा वेगवेगळ्या योजना आहेत. अर्ज ऑनलाइन असतो. लोक अडकतात ते कागदांवर. दिघ्यापासून बेलापूरपर्यंतचा सगळा पट्टा ठाणे तालुक्यात येतो, त्यामुळे उत्पन्नाचा दाखला ठाण्याच्या तहसीलदारांचा लागतो. खारघरच्या मैत्रिणीचं बघून जाऊ नका. तिचा तालुका पनवेल, जिल्हा रायगड, आणि 2016 पासून महापालिकाही पनवेलची. आधार, गुणपत्रिका आणि बँक पासबुक यांवर नाव अक्षरन् अक्षर सारखं आहे ना, हे आधी तपासा. वडिलांचं नाव एकीकडे पूर्ण आणि दुसरीकडे नुसतं आद्याक्षर असेल तर बारावीच्या सुट्टीतच दुरुस्त करून घ्या.

आता समाजकार्य. त्याची रीतसर नोंद होते ती एनएसएसमध्ये, म्हणजे कॉलेजातल्या राष्ट्रीय सेवा योजनेत: दोन वर्षांत 240 तास आणि एक सात दिवसांचं निवासी शिबिर. काही जण निव्वळ वाढीव गुणांसाठी येतात. येऊ देत, झाडू त्यांच्याही हातात येतोच.

मला हे काम उपयोगी पडलं ते एका खासगी न्यासाच्या शिष्यवृत्तीच्या मुलाखतीत. फाईलमधली प्रमाणपत्रं मुलाखत घेणाऱ्या बाईंनी उघडलीही नाहीत. विचारलं, "तुमच्या गल्लीतला कचरा उचलतं कोण?"

आमच्याकडच्या बैठ्या घरांच्या गल्ल्या इतक्या चिंचोळ्या, की दोन्ही बाजूंना बाइक लागल्या की घंटागाडी तोंडाशीच थांबते. कामावर निघालेल्या बायका पिशवी कोपऱ्यावर ठेवून जातात, मग कुत्री तिचा समाचार घेतात. लोक म्हणायचे, नगरसेवकाला सांगा. पण 2020 मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि नंतर बरीच वर्षं प्रशासकच होते. म्हणून आमचा गट विभाग कार्यालयात स्वच्छता निरीक्षकांना भेटला. त्यांनी मुकादमाकडे पाठवलं, आणि मुकादमाने एका वाक्यात निकाल लावला: "गाडी आत येणार नाही, ढकलगाडी येईल, पण ओला-सुका वेगळा करून द्या." मग आम्ही संध्याकाळी घरोघरी फिरलो, कारण सकाळी दार उघडायला कोणाला वेळ नसतो. अर्ध्या घरांनी ऐकलं, अर्ध्यांनी चहा पाजून वाटेला लावलं. मुलाखतीत हे असंच सांगितलं, अर्ध्या घरांसकट. त्यानंतरचे सगळे प्रश्न मुकादमाबद्दलच होते.

परदेशात काही शहरांच्या नगरपरिषदा नागरी कामासाठीच विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देतात, सभागृहात बोलावून सत्कार करतात. आपल्या पालिकांनीही हे करावं असं मला वाटतं. स्वच्छ सर्वेक्षणाच्या वेळी रॅलीला मुलं लागतातच की! पण तोवर थांबू नका.

सेल्फीपेक्षा वही ठेवा: तारीख, ठिकाण, कोणाला भेटलो, काय ठरलं, काय झालं नाही. पत्र दिलंत तर आवक शिक्का मारलेली प्रत मागून घ्या. ठाण्यात राहत असाल तर विभाग कार्यालयाऐवजी प्रभाग समिती शोधा, बाकी रीत तीच. आणि एनएसएसची नोंदणी पहिल्या वर्षी प्रवेश झाल्या झाल्या करा. दुसऱ्या वर्षी शिरलात तर दोन वर्षं भरायला पदवीचं शेवटचं वर्ष त्यात जातं, आणि तेव्हा प्रोजेक्ट, परीक्षा, नोकरीच्या मुलाखती सगळं एकदम अंगावर येतं.