टर्बो उतरवण्याआधी ब्रीदर बघा

जुनी डिझेल डिझायर घेऊन टुरिस्टच्या धंद्यात उतरणारी पोरं नाशिकला स्टँडवर भेटली की एकच प्रश्न असतो, "दादा, दीड लाख चाललीये, टर्बो जाईल का?" टर्बो म्हणजे इंजिनात दाबून हवा भरणारा पंखा. गाडी नीट ठेवली नाहीत तर तो जाईल, आणि नेमका सीझनमध्ये जाईल. मारुतीनं एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बंद केल्या, म्हणजे आज बाजारात दिसणारी प्रत्येक डिझेल डिझायर जुनीच. पिवळ्या पाटीच्या गाडीचं मीटर ९० हजार दाखवत असेल तर ते मागे केलेलं आहे असंच धरून चाला. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. १२४८ सीसीचं हे फियाटचं १.३ मल्टिजेट इंजिन स्विफ्ट, रिट्झ, व्हिस्टा, पुंटो अशा कितीतरी गाड्यांत बसलं. पार्ट कुठेही मिळतो आणि हात बसलेला मिस्त्री तालुक्याच्या गावीही सापडतो. माझी तीन लाखांच्या पुढे गेलीये आणि अजून वणीचा घाट कुरकुर न करता चढते.

ऑइल-फिल्टर बदला, कूलंट बघा हे तुम्हाला माहीत आहे, ते सांगत बसत नाही. फक्त एवढं लक्षात घ्या की टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि तो तरंगतो ऑइलच्या पातळ थरावर. याच ऑइलच्या दाबावर इंजिनातली टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनरही चालतो. सकाळी स्टार्ट केल्यावर चेन खळखळली तर ऑइलकडे आधी संशयानं बघा. ऑइल बदलायला पुस्तकात १० हजार किलोमीटर लिहिलंय. धंद्याच्या गाडीला मी ७ हजारांच्या वर जाऊ देत नाही, आणि ग्रेड पुस्तकातलाच. ट्रकचं ऑइल स्वस्त पडतं म्हणून ओतणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, त्यांची चेन घालते.

समृद्धीवर १२० च्या आसपास तासभर गाडी दाबायची आणि चहाला थांबल्या थांबल्या चावी बंद करायची, ही सवय सोडा. टर्बो तापलेला असतो, ऑइलचा पुरवठा तुटतो, आत राहिलेलं ऑइल जळून कोळसा होतो आणि हळूहळू तो पातळ फीड पाइप बुजतो. मिनिटभर आयडलवर राहू द्या. कसारा चढून आल्यावरही तेच. पॅसेंजर उतरेपर्यंत मिनिट होतंच.

आता मला ज्यात चांगलाच फटका बसला ते सविस्तर सांगतो, कारण अजूनही रोज कोणीतरी त्यात सापडतो.

गाडी निळसर धूर मारायला लागली, ऑइल कमी व्हायला लागलं. मिस्त्रीनं इंटरकूलरचा, म्हणजे टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणाऱ्या जाळीचा पाइप काढला, आत बोट फिरवलं, बोटाला ऑइल दाखवलं आणि निकाल दिला, "टर्बो गेला." रिकंडिशन टर्बो बसला. थोडे दिवस बरे गेले, मग परत तोच धूर. मिस्त्री म्हणाला टर्बो खराब निघाला, टर्बोवाला म्हणाला फिटिंग चुकलं. मध्ये मी, आणि बँकेचा हप्ता.

टर्बोला ऑइल दाबानं येतं, पातळ पाइपातून. परत जाताना मात्र त्याला कोणी ढकलत नाही. जाड पाइपातून आपल्या वजनानं ते खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात उतरतं. जास्त चाललेल्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या असतात, त्यामुळे कम्प्रेशनचा थोडा वायू खाली चेंबरमध्ये येतो. गॅरेजच्या भाषेत गाडी बॅक मारते. हा वायू बाहेर पडायची वाट म्हणजे ब्रीदर. ब्रीदर तुंबला की चेंबरमध्ये दाब साठतो आणि टर्बोतून उतरणारं ऑइल उतरेनासं होतं. मोरीचं भोक बुजल्यावर पाणी न्हाणीत साचतं, तसं ऑइल टर्बोच्या पोटात साचतं आणि शाफ्टच्या सीलमधून मिळेल तिकडे निघतं. ते सील रबराचे नसतात, बारीक रिंगा असतात. साचलेलं ऑइल अडवणं हे त्यांचं कामच नाही. तिथे कोरा करकरीत टर्बो बसवलात तरी तोही गळणार.

आणखी एक. ब्रीदरचा पाइप टर्बोच्या आधी हवेच्या पाइपात येऊन मिळतो. म्हणजे इंटरकूलरच्या पाइपात ऑइलचा हलका लेप असणारच, टर्बो धडधाकट असला तरी. बोटाला ऑइल लागलं हा पुरावा नाही. थेंब थेंब ओघळत असेल तर गोष्ट वेगळी.

म्हणून कोणी टर्बोवर बोट ठेवलं की आधी स्वस्त गोष्टी बघून घ्या. डिपस्टिकवर ऑइल खुणेच्या वर आहे का? जास्त भरलं तरी परतीची वाट अडते. एअर फिल्टर धुळीनं गच्च आहे का? मग टर्बो हवेऐवजी ऑइल ओढतो. इंजिन आयडलवर ठेवून ऑइलचं झाकण सैल करा आणि भोकावर नुसतं उलटं ठेवा. किंचित थरथरलं तर ठीक, नाचून खाली पडलं तर बॅक आहे. मग ब्रीदर काढून साफ करा आणि पुन्हा बघा. परतीचा पाइप कुठे दबलाय का, पॅकिंगच्या जागी कोणी सीलंट थापून ते आत लोंबतंय का, हेही. शेवटी शाफ्ट हातानं हलवा. बाजूला थोडा हलला तर चालतं, पण आत-बाहेर सरकत असेल किंवा पाती घरावर घासलेली दिसली, तर टर्बो खरंच गेला.

तेव्हाही नुसता टर्बो बदलून निघू नका. फीड पाइप नवा घ्या, चेंबर उतरवून ऑइल पंपाची जाळी साफ करा, इंटरकूलर धुऊन आतलं ऑइल आणि धातूचा चुरा काढा, नव्या टर्बोत स्टार्टच्या आधी ऑइल सोडा. "फीड पाइप चालतोय हो अजून" म्हणणारा मिस्त्री पुढच्या टर्बोचं गिऱ्हाईक तयार करत असतो. काढलेला पार्ट स्वतःहून हातात देणारा वस्ताद धरा, स्कॅनर नसला तरी चालेल. बाटलीतली औषधं, चिप मारून पिकअप वाढवणं, ईजीआरला (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) पत्रा मारून तो बंद करणं, हे सगळं माझ्या मते आळशी लोकांचे उद्योग आहेत. पत्रा मारणं तर नियमातही बसत नाही.

धूर वाढत असताना "एवढी ट्रिप मारून येतो" मात्र करू नका. डिझेल इंजिन हवेतून आलेल्या ऑइलवरही पेटतं. एकदा का ते स्वतःचंच ऑइल प्यायला लागलं की चावी काढली तरी बंद होत नाही, आवाज चढतच जातो. तसं झालं तर पॅसेंजर आधी उतरवा, ब्रेक गच्च दाबा, टॉप गिअर टाका आणि क्लच झटकन सोडून इंजिन दाबून बंद पाडा. बॉनेट उघडून वर वाकू नका. हे क्वचित होतं, पण घाटात झालं तर विचार करायला वेळ मिळत नाही, म्हणून आत्ताच डोक्यात ठेवा.

ब्रीदर साफ करूनही झाकण नाचत असेल, तर रिंगांचं काम निघालंय. नवीन माणूस इथे खचतो आणि गाडी पडेल त्या भावात देऊन टाकतो. थांबा. बॉडी आणि कागद नीट असतील, परमिटची वर्षं शिल्लक असतील, तर मी इंजिनकाम करून घेईन, तेही पावसाळ्यात, धंदा मंद असताना. परमिट संपत आलं असेल तर एक रुपया घालू नका. ब्रीदर मोकळा ठेवा, ऑइल रोज बघा, जवळच्या शिर्डी-त्र्यंबकच्या ट्रिपा करा आणि मुंबईचं भाडं दुसऱ्या गाडीला द्या.