जैवविविधता संग्रहांचं सामायिक जाळं उभारताना या चुका टाळा

नाशिक, धुळे, नंदुरबार, जळगाव, अहिल्यानगर या पट्ट्यातल्या कॉलेजांच्या कपाटांत वाळवलेल्या वनस्पतींची शीट्स आणि टाचणीला लावलेले कीटक पडून आहेत. ते सगळं एका ठिकाणी शोधता आलं, तर अंजनेरी-ब्रह्मगिरीच्या पठारांवर पूर्वी काय उगवत होतं हे आज सांगता येईल. हे काम व्हायलाच हवं. पण दोन-चार विभाग एकत्र येतात, एक एक्सेल फाईल सगळीकडे फिरते आणि थोड्याच दिवसांत ती कुणालाच वापरता येत नाही. अडचणी वेगवेगळ्या दिसल्या तरी बहुतेकींचं मूळ एकच आहे. लेबलवर काय लिहिलंय आणि आपण त्याचा काय अर्थ लावला, हे एकाच रकान्यात कोंबलं जातं.

गावाचं नाव परस्पर ‘दुरुस्त’ करणं

लेबलवर नुसतं ‘पिंपळगाव, नासिक’ असतं. नोंद भरणारा विद्यार्थी निफाडकडचा असेल तर तो सरळ पिंपळगाव बसवंत लिहून मोकळा होतो. पण नाशिक शहरालगतच पिंपळगाव बहुला आहे, पिंपळगाव खांब आहे. वडनेरचंही तेच. वडनेर भैरव चांदवड तालुक्यात, वडनेर खाकुर्डी मालेगावात आणि वडनेर दुमाला नाशिकजवळ. एकदा चुकीचं गाव टाईप झालं की मूळ शब्द गेला, आणि पुढच्या माणसाला शंका घ्यायलाही जागा उरली नाही.

उपाय सोपा आहे, कंटाळवाणा मात्र आहे. पहिल्या रकान्यात लेबलवरचा मजकूर जसाच्या तसा, स्पेलिंगच्या चुकांसकट. दुसऱ्यात आपण ठरवलेलं ठिकाण. तिसऱ्यात हे कुणी, कशावरून ठरवलं. अडलंच तर त्याच संग्राहकाची त्याच तारखेची बाकीची शीट्स बाहेर काढा. एक शीट ओझरचं, एक चांदवडचं आणि मधलं पिंपळगावचं असेल, तर तो आग्रा रोडने गेला होता हे उघड आहे आणि बसवंत धरायला हरकत नाही. एवढंही हाती लागलं नाही तर ठिकाण अनिश्चित ठेवा. अनिश्चित नोंद चालते, खोटी चालत नाही.

जिल्ह्यांच्या बाबतीतही हेच. नंदुरबार जिल्हा 1998 मध्ये झाला. तोरणमाळच्या जुन्या शीटवर ‘धुळे’ किंवा ‘पश्चिम खानदेश’ असेल, तर लिहिणारा चुकलेला नाही. आजचा जिल्हा शेजारच्या रकान्यात द्या.

बिंदू नकाशावर भलतीकडे पडतोय?

नाशिकचे अक्षांश साधारण 20, रेखांश 73.8. दोन्हींची अदलाबदल झाली की बिंदू थेट नॉर्वेच्या उत्तरेला, आर्क्टिकच्या पाण्यात पडतो. ही चूक लगेच डोळ्यांत भरते. घातक चूक वेगळी आहे. अंजनेरीजवळचं 19 अंश 55 मिनिटं, 73 अंश 34 मिनिटं हे कुणीतरी 19.55, 73.34 असं भरतं. मिनिटांना 60 ने भागायचं राहून जातं. बिंदू चाळीसहून अधिक किलोमीटर सरकून शहापूर तालुक्यात, तानसाच्या बाजूला पडतो. तिथेही जंगलच असल्यामुळे कुणाला शंका येत नाही. ओळखायची खूण अशी की दशांशानंतरचे पहिले दोन आकडे कुठल्याच नोंदीत 59 च्या पुढे जात नसतील, तर ती मिनिटंच आहेत.

बिंदूसोबत त्याच्या अनिश्चिततेची त्रिज्याही मीटरमध्ये लिहा. ‘इगतपुरी घाट’ एवढ्यावरून ठरवलेला बिंदू आणि मोबाईलच्या जीपीएसने घेतलेला बिंदू सारखे नसतात.

तारखा

03/08/1987 म्हणजे 3 ऑगस्ट की 8 मार्च, हे प्रत्येक कॉम्प्युटर आपल्या सेटिंगप्रमाणे ठरवतो. 1987-08-03 असंच लिहा आणि तो रकाना ‘टेक्स्ट’ करून ठेवा. 1900 च्या आधीच्या तारखा एक्सेलला तारीख म्हणून कळतच नाहीत.

प्रत्येक कॉलेजचा नमुना क्रमांक 1

सगळ्यांची रजिस्टरं एकपासूनच सुरू होतात. एकत्र केल्यावर एकाची नोंद दुसऱ्यावर चढते. म्हणून संस्थेचा कोड, संग्रहाचा कोड आणि क्रमांक मिळून एक कायमचा ओळख क्रमांक द्या. पुढे तो बदलू नका. दर वेळी नवा दिला, तर जीबीआयएफसारख्या जीवनोंदींच्या जागतिक साठ्यात तोच नमुना पुन्हा नवीन म्हणून उभा राहतो. रकान्यांची नावं स्वतः शोधत बसू नका, त्यासाठी डार्विन कोअर हे जैवविविधतेच्या नोंदींचं ठरलेलं प्रमाण 2009 पासून आहे.

जुन्या संग्राहकांनी एकाच झाडाची दोन-तीन शीट्स करून एक पुण्याला, एक मुंबईला पाठवलेली असतात. त्यांना डुप्लिकेट समजून उडवू नका, एकमेकांना जोडा.

जुनं शास्त्रीय नाव पुसणं

बाभळीच्या शीटवर ‘अकेशिया अरेबिका’ असेल, नंतरच्या चिठ्ठीवर ‘अकेशिया निलोटिका’ असेल आणि आज आपण ‘व्हॅचेलिया निलोटिका’ म्हणत असू. तिन्ही राहू द्या. कुणी कधी काय ओळखलं, हा त्या नमुन्याचा इतिहास आहे.

मराठी नावांचा कचरा होणं

जुन्या फाईली युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये असतील तर ‘कारवी’च्या जागी चिन्हांचा गोंधळ दिसतो. आधी कन्व्हर्टरने युनिकोड करा, मगच एकत्र करा. फाईल युनिकोडमध्ये असूनही एक्सेलमध्ये बिघडलेली दिसत असेल, तर ती डबल क्लिक न करता ‘डेटा’ मेनूतून यूटीएफ-8 निवडून आत घ्या.

दुरुस्ती वरच्या प्रतीत, चूक कपाटात

मला सगळ्यात जास्त काळजी या चुकीची वाटते. एखादा तज्ज्ञ सामायिक साठ्यात नाव सुधारतो, पण कॉलेजकडच्या मूळ फाईलमध्ये ते पोहोचत नाही. पुढच्या वेळी कॉलेज आपली फाईल चढवतं आणि सुधारणा पुसली जाते. तज्ज्ञ दुसऱ्यांदा कष्ट घेत नाही. दुरुस्ती आधी मूळ ठिकाणी, शीटवर चिठ्ठी चिकटवून, आणि तिथून वर, हा क्रम पहिल्याच बैठकीत ठरवा. प्रत्येक संस्थेत त्यासाठी दोन माणसं नेमा. एकाच प्राध्यापकाकडे पासवर्ड असेल तर त्यांच्या निवृत्तीबरोबर काम थांबतं.

सगळंच उघडं करणं

सेरोपेजिया अंजनेरिका या वनस्पतीचं पहिलं शास्त्रीय वर्णन 2006 मध्ये झालं, तेही अंजनेरीवरून. अशा दुर्मीळ वनस्पतींची किंवा गिधाडांच्या घरट्यांची नेमकी जागा जाहीर करू नका. अक्षांश-रेखांश 0.1 अंशापर्यंत, म्हणजे साधारण 11 किलोमीटरपर्यंत ढोबळ करा आणि तसं केल्याची नोंद ठेवा. सुरगाणा-पेठच्या वैदूंनी सांगितलेले औषधी उपयोग लेबलवर असतील, तर त्यांची संमती घेतल्याशिवाय तो रकाना बाहेर देऊ नका. आणि आकडे ढोबळ केल्यावर वर्णनाचा रकाना आवर्जून वाचा. ‘देवळामागच्या कड्यावर, डाव्या हाताला’ हे शब्द तिथे तसेच राहिलेले असतात, आणि शीटच्या फोटोतल्या लेबलवरही. तेवढ्या शीट्सचं लेबल झाकूनच फोटो चढवा.