निरगुडीचे मलम: करताना आणि लावताना या चुका टाळा

भात लावणीत कंबर धरते, वारीत चालून पोटऱ्या भरून येतात, तालमीच्या पहिल्या आठवड्यात अंग आंबून जाते. अशा वेळी निरगुडीचे तेल चोळणारी घरे आजही पुष्कळ आहेत. मात्र त्याच तेलाचे मलम करायला गेले की घोटाळा होतो. कुणाच्या डबीत महिनाभरात बुरशी धरते, कुणाचे मलम मेणबत्तीसारखे कडक होते, कुणाची कातडी लावल्यावर भाजल्यासारखी लाल होते. यांतल्या बहुतेक बिघाडांची कारणे दोनच असतात: तेलात राहिलेले पाणी आणि नको त्या वेळी दिलेली उष्णता.

प्रमाण आधी सांगून टाकू. निरगुडीचा ताजा पाला 450 ग्रॅम, लाकडी घाण्याचे तिळाचे तेल 200 ग्रॅम, मधमाशीचे मेण 25 ग्रॅम, भीमसेनी कापूर 6 ग्रॅम, पुदिनाफूल (मेंथॉल) 3 ग्रॅम. यात 30 ग्रॅमच्या सहा डब्या होतात. सगळे वजनावर घ्या. कापूर आणि पुदिनाफूल चमच्याने मोजणे हीच पहिली चूक, कारण चमचाभर भुकटी आणि चमचाभर खडे यांच्या वजनात बराच फरक पडतो.

पाला

निरगुडीची पर्णिका हाताच्या बोटांसारखी पाच-पाच असते, कधी तीन. पान वरून हिरवे, खालून पांढुरके-करडे, आणि चुरगाळले की उग्र वास येतो. तो वास आला नाही तर पाला तोडू नका. शेताच्या बांधावरचा पाला घेताना तिथे फवारणी झाली आहे का, ते विचारून घ्या. पाला दव सुकल्यावर, सकाळी नऊ-दहाच्या पुढे तोडावा. धुतल्यावर सुती कापडावर पसरून वरचे पाणी पूर्ण निथळू द्या.

"गुण वाढावा" म्हणून त्यात आणखी काही टाकण्याचा मोह बऱ्याच जणांना होतो. बिब्बा अजिबात नको. त्याच्या तेलाने कातडीवर फोड उठतात आणि जखमा आठवडेच्या आठवडे राहतात. धोतऱ्याची पाने जुन्या नुसख्यांत दिसतात, पण त्यातले विषारी द्रव्य कातडीतूनही शरीरात जाते. रुईचे पान गरम करून शेकण्याची पद्धत वेगळी आहे. रुईचा चीक मलमात घातला आणि तो हात डोळ्याला लागला तर डोळ्याला गंभीर इजा होते. ओल्या लसणानेही नाजूक कातडी भाजते. एकटी निरगुडी पुरेशी आहे.

तेल सिद्ध करणे: सर्वांत जास्त चुका इथेच

400 ग्रॅम पाला 3 लिटर पाण्यात उकळून 800 मिली काढा उरवा आणि गाळून घ्या. उरलेला 50 ग्रॅम पाला बारीक वाटा. तेल एक भाग, वाटण पाव भाग आणि काढा चार भाग, हे आयुर्वेदातल्या तैलपाकाचे नेहमीचे प्रमाण आहे. तिन्ही एकत्र करून मंद आचेवर ठेवा. सगळे मिळून जेमतेम लिटरभर होते, तरी पातेले 3 लिटरचे घ्या, कारण शेवटी फेस वर येतो. पातेले जाड बुडाचे, स्टीलचे असावे.

पुढचे दोन-तीन तास कंटाळवाणे वाटतात, आणि त्या कंटाळ्यापायीच तेल बिघडते. आच वाढवली की वाटण तळाशी लागते. ते एकदा लागले की करपट वास तेलात कायमचा बसतो, कापूर घातला तरी झाकत नाही. दर पाच-सात मिनिटांनी लाकडी उलथन्याने तळ खरवडत राहा.

यामागचे गणित साधे आहे. पातेल्यात पाणी आहे तोवर मिश्रण 100 अंशांच्या आसपास अडकून राहते. आच पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. पाणी संपले की हा लगाम सुटतो आणि थोडे तेल काही मिनिटांतच 130-140 अंशांवर जाते. म्हणून दोन तास काही बिघडत नाही आणि शेवटच्या दहा मिनिटांत सगळे करपते. बुडबुडे मोठे व सुस्त होते ते बारीक व दाट झाले की पातेल्यापासून हलू नका.

झाले की नाही, हे ओळखायच्या तीन खुणा आहेत. पहिली, वाटण चमच्यावर घेऊन थोडे निवू द्या आणि बोटांत फिरवा. त्याची वात वळली पाहिजे आणि बोटांना ओल किंवा चिकटपणा लागता कामा नये. बाहेरून लावायच्या तेलाला वाटण किंचित खरखरीत झालेले चालते, काळे झालेले नाही. दुसरी, कापसाची वात त्या तेलात बुडवा, शेगडीपासून लांब नेऊन पेटवा. तडतड आवाज आला तर पाणी शिल्लक आहे. शांत जळली तर तेल तयार. तिसरी खूण फेसाची. तेल सिद्ध होताना फेस येतो, तूप सिद्ध होताना तो बसतो. तुपाचा अनुभव असलेले नेमके इथे फसतात आणि फेस बसायची वाट बघत तेल करपवतात.

गॅस बंद केल्यावर तेल हाताला सोसेल इतके निवू द्या आणि कोरड्या मलमलीतून गाळा. शेवटी फडके पिळून निघणारे तेल वेगळ्या वाटीत घ्या. त्यात ओलावा आणि बारीक गाळ उतरतो. ते आठ-दहा दिवसांत वापरून टाका, मलमात घालू नका. बाकीचे तेल रात्रभर स्थिर ठेवा आणि सकाळी वरचे नितळ तेल 150 ग्रॅम मोजून घ्या. तळाला गढूळ थर दिसला तर तो तिथेच राहू द्या. बुरशीची सुरुवात त्यातूनच होते.

इतका वेळ नसेल तर सुकवलेला पाला वापरा. देठ कडकन मोडेल आणि पान मुठीत चुरा होईल इतका सावलीत वाळलेला 40 ग्रॅम पाला 200 ग्रॅम तेलात घाला आणि पातेले गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून तीन तास कोमट-गरम ठेवा. रंग आणि वास फिका येतो, पण पाण्याचा धोका फार कमी राहतो. पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की पाला नीट वाळतच नाही, तेव्हा ही पद्धत नको.

तिळाच्या तेलाऐवजी खोबरेल घेतले तर ते 24-25 अंशांच्या वर पातळ आणि खाली घट्ट होते. त्यामुळे मेणाचे कुठलेही प्रमाण वर्षभर जमत नाही. तिळाचे तेल खवट व्हायलाही वेळ लावते.

मेण

सहा भाग तेलाला एक भाग मेण हे मधले प्रमाण आहे. विदर्भाच्या उन्हाळ्यात पारा 45 अंशांवर जातो, तिथे पाच भाग तेलाला एक भाग मेण घ्या, म्हणजे 150 ग्रॅमला 30 ग्रॅम. थंडीत महाबळेश्वर-नाशिककडे 20 ग्रॅमही पुरते.

मेणबत्तीचे पांढरे मेण म्हणजे पॅराफिन. ते मलम घट्ट करते, पण तेल नीट धरून ठेवत नाही आणि काही दिवसांत डबीवर तेलाचे थेंब सुटतात. मधमाशीचे मेण बोटांत मळले की उबेने मऊ होते, त्याला मधाचा वास असतो आणि तोडले की कड दाणेदार दिसते. पॅराफिन गुळगुळीत आणि निसरडे लागते.

पोळ्याचे कच्चे मेण मिळाले तर आधी पाण्यात वितळवा, फडक्यातून गाळा आणि तसेच थंड होऊ द्या. वर मेणाची चकती तयार होते. तिच्या खालच्या बाजूला चिकटलेला मातकट थर सुरीने खरवडा आणि चकती दोन दिवस वाळवा. घाईत ओली चकती वापरली, तर तेलातून तासन्‌तास आटवून काढलेले पाणी पुन्हा आत जाते.

मेण 62 ते 65 अंशांना वितळते, त्यासाठी थेट आच लागत नाही. पातेल्यात पाणी गरम करून त्यात छोटे भांडे ठेवा आणि मेण व तेल एकत्रच गरम करा. वितळलेल्या मेणात गार तेल ओतले की मेण जागच्या जागी गोठते आणि मलमात कणीसारखे दाणे राहतात. मेण-तेलाने पेट घेतलाच तर पाणी मारू नका. झाकण ठेवा आणि गॅस बंद करा.

डब्या भरण्याआधी थेंबभर मिश्रण गार चमच्यावर घ्या आणि पाच मिनिटे फ्रिजमध्ये ठेवा, मग बाहेर काढून पाच मिनिटे थांबा. बोटाने दाबल्यावर खळगा पडला पाहिजे आणि चोळल्यावर लगेच विरघळले पाहिजे. कडक वाटले तर 10 ग्रॅम तेल, पातळ वाटले तर 3 ग्रॅम मेण घालून पुन्हा बघा. हे सगळे कापूर घालण्याआधी, कारण कापूर पडल्यावर पुन्हा गरम केले की त्यातला बराच उडून जातो.

कापूर आणि पुदिनाफूल

पूजेच्या कापराच्या वड्या कातडीला लावण्यासाठी केलेल्या नसतात. काष्ठौषधींच्या दुकानातून भीमसेनी कापूर घ्या. तुकडा बशीत उघडा ठेवला तर काही दिवसांत पूर्ण उडून जायला हवा. मागे पांढरी पूड राहिली तर भेसळ समजा.

कापूर आणि पुदिनाफूल काचेच्या छोट्या कोरड्या बाटलीत एकत्र घाला, झाकण लावून हलवा. दोन्ही कोरडे असूनही खड्यांना घाम फुटल्यासारखे होते, ते काचेला चिकटू लागतात आणि थोड्या वेळात बाटलीत नुसता द्रव दिसतो. दोन्ही एकमेकांचा वितळण्याचा बिंदू खाली आणतात, अमृतधारा होते ती याच गुणाने. हा द्रव घातला की मलमात खडे राहत नाहीत. खडे तसेच टाकले तर न विरघळलेला एखादा कण कातडीवर एकाच जागी जोरात झोंबतो.

द्रव घालण्याची वेळ महत्त्वाची. भांडे गरम पाण्यातून काढा, ढवळत राहा आणि कडेला दुधाळ साय धरू लागली की द्रव घाला, आठ-दहा वेळा ढवळा आणि लगेच डब्या भरा. कडक गरम मिश्रणात घातला तर डोळे चरचरतात, वास स्वयंपाकघरभर पसरतो आणि मलमात फारसा उरत नाही. शिवाय कापराची वाफ पेट घेते, म्हणून जवळपास शेगडी पेटलेली नको.

"जास्त कापूर, जास्त आराम" हे खरे नाही. वरच्या प्रमाणात कापूर सव्वातीन टक्क्यांच्या आसपास आणि पुदिनाफूल पावणेदोन टक्क्यांच्या खाली राहते, आणि तेवढे पुरते. गंधपुऱ्याचे तेल (विंटरग्रीन) घरगुती मलमात घालू नका. त्याच्या एका चहाच्या चमच्यात सुमारे 7 ग्रॅम ॲस्पिरिनइतके सॅलिसिलेट असते, लहान मुलाच्या पोटात गेले तर ते जीवघेणे ठरते. रक्त पातळ होण्याची गोळी घेणाऱ्यांना ते कातडीतूनही बाधू शकते.

डब्या काचेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या, उन्हात वाळवलेल्या असाव्यात. गरम मलमावर झाकण लावले की आतून वाफेचे थेंब जमतात, म्हणून गार होईपर्यंत वर कोरडा कागद ठेवा. डबीवर तारीख लिहा. सहा महिन्यांत संपवा. ओले बोट घालू नका. बुरशीचा ठिपका दिसला तर वरचा थर काढून चालत नाही, डबी टाकून द्या. खवट वास आला तरी तेच.

लावताना

पहिल्यांदा कोपराच्या आतल्या बाजूला ठिपकाभर लावून 24 तास थांबा. पुरळ, खाज नसेल तर हरभऱ्याएवढे मलम एका पोटरीला पुरते. दिवसातून दोन-तीनदा, पाच मिनिटे, खालून वर हलक्या हाताने. डोळे, नाक, जखम, खरचटलेली जागा टाळा. नंतर हात साबणाने धुवा.

मलम लावून वर गरम पाण्याची पिशवी ठेवणे ही घराघरांतली चूक आहे. पुदिनाफुलाने जागा गार लागते, त्यामुळे किती भाजते आहे ते कळत नाही. 2012 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने स्नायूदुखीच्या अशा मलमांनी कातडी भाजल्याच्या तक्रारींवरून जाहीर इशारा दिला होता. शेक घ्यायचा असेल तर आधी घ्या, कातडी पूर्ण निवू द्या, मग मलम. गरम पाण्याने अंघोळ केल्या केल्या लावू नका आणि वरून घट्ट पट्टी बांधू नका. फार झोंबले तर पाणी मारण्याआधी कोरड्या कापडाने पुसा, थोडे साधे तेल चोळून तेही पुसा, मग साबणाने धुवा. मेण-तेल नुसत्या पाण्याने निघत नाही.

दोन वर्षांखालच्या मुलांना हे मलम लावू नये, त्यांच्या नाकाजवळ तर मुळीच नाही. कापूर पोटात गेला तर मुलांना झटके येतात. डबी उंचावर, कुलपात ठेवा. गरोदर व स्तनदा स्त्रियांनी डॉक्टरांना विचारूनच वापरावे.

पाय मुरगळून ताजी सूज असेल तर पहिले दोन दिवस चोळू नका, बर्फ आणि विश्रांती द्या. एकाच पोटरीला सूज, दुखणे आणि गरमपणा असेल तर तिथे रक्ताची गाठ असू शकते. चोळणे धोक्याचे, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. छातीत जड वाटून डावा हात किंवा खांदा दुखत असेल तर मलमाची डबी शोधण्यात वेळ घालवू नका, लगेच 108 ला फोन करा.