शौलाचे ऐकणे आणि विचारणे

हिब्रू शास्त्रातील (म्हणजे बायबलच्या जुन्या करारातील) राजा आणि परमेश्वर यांच्या नात्याचा अभ्यास मी दावीद राजापासून सुरू केला, आणि ती माझी पहिली चूक ठरली. दावीदाभोवती स्तोत्रांचे आणि शाश्वत राजघराण्याच्या वचनाचे इतके तेज आहे की नवखा वाचक भारावून जातो. म्हणून नव्या अभ्यासकाने आधी दावीदापूर्वीच्या शौलाला, इस्राएलच्या पहिल्या राजाला, गाठावे आणि शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचे ८ ते ३१ हे अध्याय सलग वाचावेत.

दुसरी चूक १५व्या अध्यायात झाली. अमालेकी या शत्रू टोळीचा समूळ संहार करण्याची आज्ञा असताना शौलाने अगाग राजाला आणि उत्तम गुरामेंढरांना राखले, एवढ्यावरून त्याचे राज्य जावे हे न्याय्य आहे का, या प्रश्नात मी कित्येक दिवस अडकून पडलो. (मुळात ती आज्ञाच अस्वस्थ करणारी आहे, आणि ते अस्वस्थपण दडपू नये.) वाट सापडली ती निवाडा बाजूला ठेवून मूळ शब्द मोजू लागल्यावर.

या अध्यायात ‘शामा’ म्हणजे ऐकणे आणि ‘कोल’ म्हणजे आवाज हे शब्द पुन्हापुन्हा येतात. परमेश्वराच्या शब्दांचा आवाज ऐक, असे संदेष्टा शमुवेल आरंभी शौलाला सांगतो. पुढे, मग मला हा मेंढरांचा आवाज कसला ऐकू येतो, असे तोच विचारतो. आणि शेवटी शौल कबूल करतो की त्याने लोकांचा आवाज ऐकला. इंग्रजीत ‘ऐकणे’ आणि ‘आज्ञा पाळणे’ यांसाठी वेगळी क्रियापदे लागतात, पण ‘आईचे ऐक’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला हा श्लेष समजावून द्यावा लागत नाही. याच प्रसंगात शौल शमुवेलाशी बोलताना तीनदा परमेश्वराला ‘तुझा देव’ म्हणतो, ‘माझा’ एकदाही नाही. मी पाप केले असे तो म्हणतो खरे, पण लगेच वडीलजनांसमोर आपला मान राखण्याची विनंती करतो; पापाचा जाब विचारणाऱ्या नाथान संदेष्ट्यासमोर दावीदाची कबुली मात्र हिब्रूत अवघ्या दोन शब्दांत संपते.

परमेश्वराची बाजूही सरळ नाही. शौलाला राजा केल्याचा त्याला पस्तावा झाला, असे ११व्या आणि ३५व्या ओवीत आहे, तर तो पस्तावत नाही, असे २९व्या ओवीत त्याच क्रियापदाने सांगितले आहे. हा विरोध घाईने मिटवणारी भाष्ये मी आता शेवटी वाचतो.

मराठी जिथे कमी पडते, तो शब्द ‘शाअल’. त्याचा अर्थ मागणेही होतो आणि विचारणेही. ८व्या अध्यायात लोक राजा मागतात, आणि मिळालेल्या राजाचे, म्हणजे शौलाचे, हिब्रूतील ‘शाऊल’ हे नावच ‘मागितलेला’ अशा अर्थाचे आहे. २८व्या अध्यायात पलिष्टी या शत्रूंची छावणी पाहून तो घाबरतो व परमेश्वराला विचारतो, तेव्हाही क्रियापद तेच. मात्र स्वप्ने, उरीम (देवाचा कौल घेण्याचे याजकांचे साधन) किंवा संदेष्टे यांपैकी कशानेही उत्तर मिळत नाही, आणि तो एन-दोरच्या भूतविद्या जाणणाऱ्या बाईकडे जातो. बायबलमधील ‘इतिहास’ या ग्रंथाच्या पहिल्या पुस्तकाच्या १०व्या अध्यायात मात्र, शौलाने परमेश्वराला विचारलेच नाही, असे ‘दाराश’ हे वेगळे क्रियापद वापरून म्हटले आहे. हे दोन उतारे वहीच्या समोरासमोरच्या पानांवर उतरवून काढावेत आणि त्यानंतरच दावीदाकडे वळावे.