स्वस्तातला प्रोजेक्टर घेताय? आधी या चुका टाळा

ऑफिससाठी नाहीतर वर्गासाठी प्रोजेक्टर बघताना सगळ्यात जास्त लोक फसतात ते ल्युमेन्सच्या, म्हणजे प्रोजेक्टर किती उजेड टाकतो त्या मापाच्या, आकड्यावर. बॉक्सवर मोठ्ठ्या अक्षरात 9000 ल्युमेन्स छापलेलं असतं, पण तो आकडा कसा मोजलाय ते कुठेच नसतं, म्हणून एएनएसआय किंवा आयएसओ (म्हणजे ठरलेल्या प्रमाणित पद्धतीने मोजलेले) ल्युमेन्स किती एवढंच विचारा आणि उत्तर नाही मिळालं तर सरळ पुढचं मॉडेल बघा. ट्यूबलाइट चालू ठेवून शिकवायचं असेल तर माझ्या मते 3000 च्या खाली जाऊच नका. प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही हो, पडद्यावर खोलीतला जेवढा उजेड पडलाय तेवढाच तुमचा काळा रंग, त्यामुळे खिडक्या उघड्या असल्या की अक्षरं धुतल्यासारखी दिसतात.

दुसरी गडबड रिझोल्यूशनची, म्हणजे चित्रात किती ठिपके (पिक्सेल) असतात त्याची. 'फुल एचडी सपोर्टेड' म्हणजे तो फुल एचडी सिग्नल घेतो एवढंच, आतलं पॅनल (चित्र तयार करणारा भाग) 800 बाय 480 चंही असू शकतं. सिनेमा खपून जातो, पण एक्सेल शीट उघडली की 3 कुठला आणि 8 कुठला कळत नाही, आणि शेवटच्या बाकावरची पोरं डोळे बारीक करून बसतात, ते बघवत नाही. नेटिव्ह रिझोल्यूशन, म्हणजे पॅनलचं स्वतःचं, किमान 1280 बाय 800 हवंच.

आणि ऑर्डर करायच्या आधी टेप घेऊन खोली मोजा, हे कुणी करतच नाही! थ्रो रेशो (पडद्यापर्यंतचं अंतर भागिले चित्राची रुंदी) 1.5 असेल तर 2 मीटर रुंद चित्राला 3 मीटर अंतर लागणार. खोली छोटी असेल तर शॉर्ट थ्रो, म्हणजे जवळूनच मोठं चित्र टाकणारा, बघा, नाहीतर शिकवणाऱ्याची सावली पडद्यावर आणि झोत डोळ्यात. चित्र तिरकं आलं की लोक लगेच कीस्टोन (तिरकं चित्र सेटिंगमधून सरळ करायची सोय) वापरतात, पण त्यात पिक्सेल वाया जातात, त्यापेक्षा प्रोजेक्टरच नीट समोर बसवा.

मध्येच आपोआप बंद पडतोय? बहुतेक वेळा तापलेला असतो. एअर फिल्टर असेल तर काढून बघा, खडूच्या वर्गात त्यावर धुळीचा थर बसतो, शिवाय हवा बाहेर पडायची जाळी भिंतीला चिकटलेली नाही ना तेही बघा. आणि 'नो सिग्नल' आलं की मशीनला दोष द्यायच्या आधी एक छोटी एचडीएमआय केबल लावून बघा, 10-15 मीटरच्या साध्या केबलमध्ये सिग्नल कधी कधी वाटेतच दम तोडतो.