सीमाभागाच्या हवेत जमणारे बिस्किटांचे चॉकलेट ट्रफल

बिस्किटांचा चुरा, तो बांधून ठेवणारा एखादा ओलसर पदार्थ आणि वरून चॉकलेटचे पातळ कवच, एवढ्या तीनच गोष्टींतून हे ट्रफल तयार होतात. ओव्हन लागत नाही, अंडे लागत नाही आणि गॅसही चॉकलेट वितळवण्यापुरताच पेटवावा लागतो. तरीही एकाच कृतीने केलेले ट्रफल एका घरी काचेसारखे चकचकीत होतात आणि दुसऱ्या घरी चिकट, पांढुरके किंवा तडकलेले निघतात. याचे कारण बहुतेक वेळा हातात नसून हवेत असते. खानापूर तालुक्यात, सह्याद्रीच्या कुशीत, जुलै महिन्यात उघडे ठेवलेले बिस्किट लवकरच सादळते; अथणीकडच्या कोरड्या पट्ट्यात एप्रिलच्या दुपारी तेच बिस्किट कुरकुरीत राहते, पण शेजारचे चॉकलेट मऊ पडते. बेळगाव शहर, निपाणी आणि चिकोडी या दोन टोकांच्या मधे कुठेतरी येतात. म्हणून पुढे दिलेली प्रमाणे पाया म्हणून घ्यावीत आणि आपले गाव व ऋतू पाहून त्यांत थोडा फेरफार करावा.

साहित्याची निवड

सुमारे ३० ट्रफलसाठी मधे क्रीम असलेली चॉकलेटी बिस्किटे ३०० ग्रॅम, कंडेन्स्ड मिल्क १०० ते १४० ग्रॅम आणि कवचासाठी ३०० ग्रॅम चॉकलेट घ्यावे. कवचात प्रत्यक्षात यापेक्षा कमी चॉकलेट जाते. पण गोळा पूर्ण बुडेल एवढी खोली भांड्यात असल्याशिवाय बुडवणे नीट जमत नाही, म्हणून थोडे जास्त वितळवावे लागते. बिस्किटातले क्रीम काढून टाकण्याची गरज नाही. त्यातील साखर आणि मेद यांमुळेच चुरा एकजीव होतो.

साधी मारी बिस्किटे वापरायची असतील तर त्यांत मेद कमी असल्यामुळे २५० ग्रॅम बिस्किटांना ५० ग्रॅम मऊ लोणी, २ मोठे चमचे कोको पावडर आणि साधारण १५० ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क लागते. बेकरीतील नानकटाईचा चुराही फार चांगला लागतो. ती मुळातच तुपाची असल्यामुळे वेगळे लोणी घालू नये. टोस्ट मात्र वापरू नयेत, कारण त्यांचा चुरा कितीही बारीक केला तरी दाताखाली रवाळ लागतो.

बांधणीसाठी कंडेन्स्ड मिल्कऐवजी क्रीम चीज किंवा घट्ट चक्काही चालतो. चक्क्याची किंचित आंबट चव गोड बिस्किटांना छान तोलते, पण त्यात पाणी अधिक असते. दही फडक्यात बांधून रात्रभर फ्रिजमध्ये टांगावे, सकाळी वर वजन ठेवून उरलेले पाणी काढावे आणि ३०० ग्रॅम बिस्किटांना १२० ग्रॅमपासून सुरुवात करावी. पावसाळ्यात हा प्रकार टाळलेला बरा.

आणि बेळगावात राहून कुंदा विसरण्याचे कारण नाही. दूध आटवून, साखर तपकिरी होईपर्यंत शिजवलेल्या कुंद्यात जी खरपूस चव असते, ती कडसर चॉकलेटखाली विशेष खुलते. माझ्या मते दुधाळ चॉकलेटच्या कवचात ती हरवते. साध्या बिस्किटांचा किंवा नानकटाईचा २०० ग्रॅम चुरा आणि १५० ग्रॅम कुंदा हाताने एकत्र मळावा. कुंदा कोरडा असेल तर चमचाभर लोणी घालावे, ओलसर असेल तर चुरा वाढवावा. गोकाकचे करदंट आवडणाऱ्यांनी त्याचे अगदी बारीक तुकडे या मिश्रणात घालावेत. डिंक आणि सुकामेव्यामुळे चावायला मजा येते.

चॉकलेट कोणते घ्यावे

या पदार्थाचे यश सर्वांत जास्त इथे ठरते. बाजारात दोन प्रकार मिळतात. खऱ्या चॉकलेटात, ज्याला कुव्हर्चर म्हणतात त्यातही, कोकोचे स्वतःचे लोणी असते. ते साधारण ३४ अंश सेल्सिअसला पूर्ण वितळते, म्हणूनच असे चॉकलेट जिभेवर विरघळते. कंपाउंड चॉकलेटात त्या लोण्याऐवजी मुख्यतः इतर वनस्पतिजन्य मेद असतो. वेष्टनावरची घटकांची यादी वाचली की हा फरक लगेच कळतो. चवीत खरे चॉकलेट निर्विवाद सरस; पण ते नुसते वितळवून वापरले तर कवच मऊ, निस्तेज आणि पांढुरके होते, कारण कोकोच्या लोण्याचे स्फटिक योग्य रीतीने जमण्यासाठी त्याचे तापमान ठरावीक क्रमाने वरखाली करावे लागते. या क्रियेला टेम्परिंग म्हणतात. कंपाउंडला तिची गरज नसते.

ज्या दुपारी पारा ३५ अंशांच्या वर जातो, तेव्हा पंख्याखाली खरे चॉकलेट जमण्याची अपेक्षा ठेवणे व्यर्थ आहे. म्हणून मार्च ते मे या काळात आणि गणेशोत्सवाच्या दमट दिवसांत पहिल्यांदा करणाऱ्याने सरळ कंपाउंड घ्यावे. समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवरच्या बेळगावात डिसेंबर आणि जानेवारीच्या सकाळी छान गार असतात. टेम्परिंग शिकायचे असेल तर हे दोन महिने सोडू नयेत.

गोळे तयार करणे

बिस्किटे मिक्सरमध्ये थांबून थांबून फिरवावीत. सलग फिरवल्यास भांडे तापते, क्रीम वितळते आणि पात्याखाली लगदा बसतो. चुरा चाळणीतून काढून राहिलेले मोठे तुकडे पुन्हा फिरवावेत, कारण एखादा टोकदार तुकडा गोळ्याबाहेर राहिला तर नेमके तिथेच कवच पातळ होते. मिक्सर नसेल तर जाड पिशवीत बिस्किटे घालून वरून लाटणे फिरवावे; चुरा थोडा भरड होतो, पण काम भागते.

चुऱ्यात आधी १०० ग्रॅमच कंडेन्स्ड मिल्क घालून मळावे. पुढचे प्रत्येक वेळी एकेक चमचा घालावे आणि दर चमच्यानंतर मूठ दाबून पाहावे. मुठीचा आकार धरला गेला, बोटाने ढकलल्यावर तो मोठ्या तुकड्यांत मोडला आणि तळहाताला विशेष काही चिकटले नाही, की थांबावे. तिळाच्या लाडवाचे मिश्रण ज्या अंदाजाने ओळखतात, तोच अंदाज इथे लागतो. पावसाळ्यात चुऱ्याने हवेतला ओलावा आधीच घेतलेला असतो, त्यामुळे दोन-तीन चमचे कमी लागतात. याउलट अथणी किंवा रायबागकडे उन्हाळ्यात पूर्ण १४० ग्रॅमही लागू शकते. मिश्रण सैल झालेच तर कोको पावडर न वाढवता बिस्किटांचा चुराच वाढवावा. कोकोने घट्टपणा येतो खरा, पण कडवटपणाही येतो.

मिश्रण झाकून १५ मिनिटे ठेवावे म्हणजे चुरा ओलावा शोषून घेतो. मग १४ ते १५ ग्रॅमचे, म्हणजे साधारण सुपारीहून थोडे मोठे, गोळे वळावेत. पहिला गोळा काट्यावर तोलून पाहिला की पुढचे डोळ्यांच्या अंदाजाने होतात. आधी घट्ट दाबावे आणि नंतर हलक्या हाताने फिरवावे. नुसते फिरवल्यास आत पोकळी राहते आणि गोळा काट्या-चमच्यावर फुटतो. सर्व गोळे बटर पेपरवर मांडून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावेत. घाई असेल तर फ्रीझरमध्ये १५ मिनिटे पुरतात, पण त्याहून अधिक नको. दगडासारखा गार झालेला गोळा गरम चॉकलेटात बुडवला की कवच तत्काळ आकसते, आतला गोळा नंतर उबेने फुगतो आणि कवचाला केसाएवढी चीर जाते. शिवाय त्याच्यावर दव जमते ते वेगळेच. फ्रीझरमधून काढलेले गोळे पाच-दहा मिनिटे बाहेर ठेवूनच बुडवावेत.

चॉकलेट वितळवणे

पातेल्यात दोन बोटे पाणी उकळून गॅस अगदी मंद करावा आणि वर काचेचा किंवा स्टीलचा कोरडा वाडगा असा बसवावा की त्याचा तळ पाण्याला टेकणार नाही व कडेने वाफ वर येणार नाही. चिरलेले चॉकलेट त्यात घालून रबरी उलथन्याने ढवळत राहावे. तीन चतुर्थांश वितळले की वाडगा उतरवावा. उरलेले तुकडे त्याच उष्णतेत वितळतात. मायक्रोवेव्ह असेल तर निम्म्या शक्तीवर ३०-३० सेकंदांनी बाहेर काढून ढवळावे.

या टप्प्यावर पाण्याचा एक थेंबही शत्रू असतो. वितळलेल्या चॉकलेटात थोडेसे पाणी पडले की साखरेचे व कोकोचे कण ते ओढून घेऊन एकमेकांना चिकटतात आणि सगळे चॉकलेट खरबरीत गोळा बनून बसते. म्हणून वाडगा, उलथने, काटा आणि स्वतःचे हात फडक्याने कोरडे करून घ्यावेत, आणि शेजारच्या शेगडीवर भाताचा कुकर लावू नये. तरीही चॉकलेट बिघडलेच तर त्यात एकेक चमचा गरम दूध घालून घोटावे. ते पुन्हा गुळगुळीत होते. मात्र कवचासाठी चालत नाही, आइस्क्रीमवर ओतण्यासाठी किंवा दुधात घालण्यासाठी चालते.

चॉकलेट दाट वाटले तर पातळ करण्यासाठी दूध किंवा पाणी घालायचे नाही, तर वास नसलेले रिफाइंड खोबरेल तेल एक छोटा चमचा घालायचे. तीनशे ग्रॅमला दोन छोट्या चमच्यांपलीकडे जाऊ नये, कारण जास्त तेलाने कवच बोटांना लागू लागते.

कुव्हर्चर वापरणाऱ्यांनी स्वयंपाकघरातला तापमापक जवळ ठेवावा. कडसर चॉकलेटचा दोन तृतीयांश भाग ४५ ते ४८ अंशांपर्यंत वितळवून उतरवावा, उरलेला एक तृतीयांश बारीक चिरून त्यात थोडा थोडा घालत ढवळावा आणि तापमान ३१ ते ३२ अंशांवर आणावे. दुधाळ चॉकलेटसाठी काम करण्याचे तापमान २९ ते ३० अंश असते. सुरीच्या टोकावर थोडेसे लावून पाहावे. गार खोलीत पाच मिनिटांच्या आसपास ते डाग न पडता सुकून चमकले, तर टेम्परिंग जमले असे समजावे.

बुडवणे आणि सजवणे

एकेक गोळा वाडग्यात सोडावा, चमच्याने त्याच्यावर चॉकलेट ओढावे, मग काट्या-चमच्यावर उचलून काटा वाडग्याच्या काठावर चार-पाच वेळा हलकेच आपटावा आणि काट्याची खालची बाजू काठाला पुसून घ्यावी. हे आपटणे कंटाळवाणे वाटले तरी टाळू नये, कारण जास्तीचे चॉकलेट न झटकल्यास ट्रफलच्या बुडाशी थाळी पसरते. काटा किंचित तिरपा करून टूथपिकच्या साहाय्याने गोळा बटर पेपरवर सरकवावा. वाडग्यातले चॉकलेट मधेच घट्ट होऊ लागले तर वाडगा पुन्हा मिनिटभर गरम पातेल्यावर धरावा.

गार गोळ्यावरचे कंपाउंड मिनिटा-दोन मिनिटांतच जमते, त्यामुळे वरून पिस्त्याचे काप, काजूची भरड किंवा बिस्किटांचा चुरा लावायचा असेल तर तो लगेच भुरभुरावा. घरात दोघे असतील तर एकाने बुडवावे आणि दुसऱ्याने सजवावे. मुलांना हे दुसरे काम आनंदाने देता येते, गरम वाडग्याजवळचे नाही. पांढऱ्या चॉकलेटच्या रेषा ओढायच्या असतील तर कवच पूर्ण जमल्यावर कागदी कोनातून ओढाव्यात. कुठे चीर दिसलीच तर तो गोळा दुसऱ्यांदा बुडवावा. बेळगावातल्या जैन कुटुंबांसह अनेक शाकाहारी घरांत हा प्रश्न निघतोच, म्हणून सांगतो: कृतीत अंडे नसले तरी बिस्किटांच्या आणि चॉकलेटच्या वेष्टनावरचे हिरवे चिन्ह पाहूनच खरेदी करावी. ज्यांना गहू, दूध किंवा काजू-बदाम चालत नाहीत, त्यांना घटक आधी सांगावेत.

ठेवणे आणि नेणे

कंडेन्स्ड मिल्कचे ट्रफल हिवाळ्यात हवाबंद डब्यात तीन-चार दिवस बाहेर टिकतात, फ्रिजमध्ये आठवडाभर. कुंद्याचे आणि चक्क्याचे किंवा क्रीम चीजचे मात्र कोणत्याही ऋतूत फ्रिजमध्येच ठेवावेत आणि तीन दिवसांत संपवावेत. वीज वारंवार जाणाऱ्या गावांत हे दोन प्रकार त्याच दिवशी खाण्यापुरतेच करावेत.

फ्रिजमधून काढलेला डबा लगेच उघडण्याची सवय पावसाळ्यात महागात पडते. दमट हवा गार कवचाला लागताच त्यावर पाणी सुटते, ते साखर विरघळवते आणि वाळल्यावर पृष्ठभागावर खरखरीत पांढरट थर उरतो. डबा बंदच ठेवून अर्धा-पाऊण तास बाहेर राहू द्यावा आणि मग उघडावा. कोरड्या उन्हाळ्यात येणारा पांढरट थर वेगळा असतो. तो मऊ पडून पुन्हा जमलेल्या मेदाचा असतो आणि बोटाने घासल्यास नाहीसा होतो. दोन्ही खायला अपायकारक नाहीत. फक्त पाहुण्यांसमोर ठेवायला शोभत नाहीत.

कोल्हापूरला किंवा चोर्ला घाटाने गोव्याला न्यायचे असतील तर कंपाउंडचे, कंडेन्स्ड मिल्क घातलेलेच ट्रफल निवडावेत. आदल्या रात्री ते पूर्ण गार करून कागदी वाट्यांत एकाच थरात भरावेत, डब्याभोवती जुन्या टॉवेलचे दोन वेढे द्यावेत आणि पहाटेची गाडी पकडावी. डबा गाडीच्या डिकीत न ठेवता माणसे बसतात तिथे, पायाशी सावलीत ठेवावा. बर्फाची पिशवी बरोबर घ्यायची असेल तर ती डब्याच्या आत न ठेवता टॉवेलच्या बाहेरून बांधावी.